जकातीचा दिवस

१९१८ सालचा मोहरम. नशिराबादेत घरोघरी तापाची साथ शिरली होती, ज्वारी महागली होती. कापसाचे व्यापारी लुकमानभाई यांच्या जकातीचं वर्ष मोहरमच्या पहिल्याच तारखेला पुरं झालं. वर्षभर राहिलेल्या शिलकीचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून गरिबांना देणं हे त्यांचं धर्मकर्तव्य. रक्कम त्यांनी कापडात बांधून पेटीत ठेवली. पण द्यायची रमजानात, कारण त्या महिन्यात पुण्य कितीतरी पटीनं मिळतं!

बाराव्या दिवशी सकाळी विणकराची विधवा बदरुनबी दारात आली.

"भाई, पोरगी तापानं फणफणलीय. घरात दाणा नाही."

"रमजानात या, आपा. तुमचा वाटा काढून ठेवलाय."

"रमजानला आठ महिने आहेत, भाई," एवढंच बोलून ती परत फिरली.

लुकमानभाईंचा जीव थाऱ्यावर राहीना. पुढ्यातलं ताट तसंच सारून ते उठले आणि मशिदीत वृद्ध मौलवी नाजिमोद्दीन यांच्याकडे गेले.

"मौलवीसाहेब, जास्त पुण्यासाठी जकात रमजानपर्यंत ठेवली, तर चुकलं का?"

"दुपारच्या नमाजाची वेळ झाली आणि तुम्ही म्हणालात, आज नको, शुक्रवारी पढतो, तो मोठा दिवस. चालेल?"

"छे! वेळ टळेल की!"

"मग जकातीची टळत नाही? वर्ष भरलं की तो पैसा गरिबाचा. रमजानातच द्यायची हौस असेल तर वर्ष भरण्याआधी येणाऱ्या रमजानात द्या, आगाऊ दिलेली चालते. पण उशीर? भूक काही महिना बघून लागत नाही, लुकमानभाई!"

लुकमानभाई ताडकन उठले. घरून गाठोडं घेऊन बदरुनबीकडे धावले, तर दाराला कडी! शेजारच्या यशोदाबाई म्हणाल्या, "भाऊ, ती पोरीले घेऊन पायीच जयगावले गेली. दवाखान्यात."

त्यांनी जळगावला जायला टांगा जोडायला लावला. अर्ध्या वाटेवर बाभळीखाली बदरुनबी बसलेली दिसली. पोर मांडीवर निपचित पडली होती. लुकमानभाईंनी टांग्यातून उडी टाकून तिच्या नाकाशी बोट धरलं. पण श्वास चालू होता!

दवाखान्यात पोरीला खाट मिळाली, तेव्हा त्यांनी गाठोडं बदरुनबीपुढे ठेवलं.

"हे मी कधी फेडू, भाई?"

"फेडायचं कसलं, आपा? हे तुमचंच. मीच बारा दिवस दाबून बसलो होतो!"

चौथ्या दिवशी पोरीचा ताप उतरला.

वाचकहो, लुकमानभाईंना टांग्यानं वेळेवर पोचवलं. दर वेळी असं होईलच असं नाही. गरिबाचा हक्क ज्या दिवशी लागू होतो, त्याच दिवशी तो त्याच्या हाती पडला पाहिजे. त्याहून मोठ्या मुहूर्ताची वाट आपण पाहू नये!