गुंडातलं पाणी

मरायचे नव्हते तेच शिंपले मेले होते.

ज्योत्स्नाने काचेची कांडी एकेकाला लावून पाहिली. जिवंत शिंपला कांडी लागताच मिटतो. वीसपैकी चौदा उघडेच राहिले. ही साध्या पाण्याची टाकी. तांब्याचे नॅनोकण टाकले होते ते शेजारच्या टाक्यांत. मरायचं काम तिथल्या शिंपल्यांकडे दिलेलं. साध्या पाण्यातलेच मेले म्हणजे प्रयोग मातीत गेला, आणि मार्चमध्ये तर पीएचडीची मुदत संपत होती. तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. बाबा, देवमन, वर्षापूर्वी काविळीने गेले तेव्हापासून तिचं असंच. आत सगळं बधिर.

शिंपले या खेपेला आईने धाडले होते. भागीरथाबाईंनी साठी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे. तरी भातकुलीजवळ पेढी नदीच्या गाळात उभं राहून, पायाने चाचपून एकेक काढला आणि सगळे दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अमरावतीला पाठवले. लेकीच्या अभ्यासात हयगय नाही!

ज्योत्स्नाने फोन लावला. "माय, शिंपले रातभर कायच्यात ठेवले होते तू?"

"पाणी भरायच्या गुंडात ना वं! तांब्याचा गुंड राखेनं घासला, लखलखीत केला. बादलीत कायले ठेवू? तुया शिक्षणाचे शिंपले ते!"

झालं. ज्या तांब्याचं विष मोजण्यात चार वर्षं घातली, ते आईने मायेने आधीच पाजून ठेवलं होतं. एवढ्या तांब्याने माणसाला काही होत नाही, शिंपल्याला होतं. हे सांगायला तिने तोंड उघडलं.

"गुंडातलं पाणी लय चांगलं," आई म्हणाली. "तुया बाबाले शेवटपर्यंत तेच पाजलं म्या. दुसरं काई ठरत नोतं पोटात. जगले ना शिंपले?"

माणसाचं वेगळं, शिंपल्याचं वेगळं, हे किती समजावलं असतं तरी बाबांना आपणच गुंडातून विष पाजलं, हे आईच्या डोक्यातून जन्मात निघालं नसतं.

"जगले माय. सगळे."

"मंग आवाज काहून असा येऊन राह्यला?"

"काई नाही. अजून थोडे लागतात. रविवारी मीच येतो. तू नदीत उतरू नको."

"ये. गुंड भरून ठेवतो."

फोन ठेवून ज्योत्स्नाने रजिस्टर ओढलं. मेलेल्यांच्या रकान्यात चौदा लिहिलं. पुढे कारणाचा रकाना होता. तो तिने कोरा सोडला.