तीन घरं जास्त

प्रयोगवहीचा नियम असा : चुकलं तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला बरोबर काय ते लिहून सही करायची. ही गोष्टही त्याच नियमाने सांगायची आहे.

विषय

'रसायनशास्त्र सोडणे' असा अर्ज घेऊन दुसऱ्या वर्षाची एक मुलगी चार वाजता सहीबाईंच्या दारात उभी राहिली. ती रडत होती. (एक रेघ. रडत नव्हती, सर्दी झाली होती.) अर्जांची मुदत पाचला संपत होती.

सहीबाई म्हणजे विज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमाच्या प्रमुख. कुणी कुठला विषय घ्यायचा, कुणी सोडायचा, कुणाचा कान धरायचा, सगळं त्यांच्याकडे. सहीशिवाय काही हलत नाही म्हणून मुलांनी हे नाव ठेवलेलं. त्यांना ते माहीत होतं. मुलांना वाटायचं, माहीत नाही.

कारण

या रकान्यात मुलीने लिहिलं होतं, 'माझ्या हाताला यश नाही.'

"बस. कच्ची वही आणलीस?"

"पक्की आणलीय मॅडम. एकदम स्वच्छ आहे."

"स्वच्छ वही काय चाटायचीय? कच्ची काढ."

कच्ची वही पाहिल्याशिवाय बाई कुणालाही विषय सोडू देत नसत. नवरा म्हणायचा, लोक हात बघून भविष्य सांगतात, तू वह्या बघून सांगतेस.

मुलीने पिशवीच्या तळातून डाग पडलेली वही ओढून काढली. अकरा टायट्रेशनं, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचं, आणि अकरा लाल गोल.

"अकराही वेळा चुकलं. आई म्हणते, सोड ना बाई, कशाला जीव काढतेस."

बाईंनी पान उलटलं आणि चूक लगेच ओळखली. (एक रेघ. लगेच नाही. पेनाचं टोपण काढून झालं होतं.) २४.८, हवं होतं २४.५. १८.६, हवं होतं १८.३. २१.१, हवं होतं २०.८. त्यांनी टोपण परत लावलं.

"इतरांची एक चूक इकडे पळते, एक तिकडे. तुझ्या बघ, शाळेतल्या पोरांसारख्या रांगेत उभ्या आहेत. दर वेळी नळीवरची तीन घरं जास्त."

"म्हणजे जास्तच वाईट ना?"

"म्हणजे हात ठणठणीत आहे. दुसरंच काहीतरी चुकतंय, आणि रोज तेच चुकतंय. चल लॅबमध्ये."

"पण मॅडम, पाच वाजता…"

"पाचपर्यंत मी कुठे पळून जातेय?"

सल्लागाराचा शेरा

लॅबमध्ये मामा बाटल्या पुसत होते. तीस वर्षं तिथे काम करणारे मामा, प्रत्येक बॅचचे मामा. बाईंनी ब्युरेट लावायला सांगितली, ती आकड्यांची लांब काचेची नळी. मामांनी आधी कोपऱ्यातून एक लाकडी स्टूल आणलं.

"चिमणीचं सिंहासन," ते कौतुकाने म्हणाले. "मीच केलंय. टेबल हे एवढं उंच आणि ही एवढीशी. टाचा वर करकरून पोरीचे पाय दुखायचे."

मुलगी स्टुलावर चढली. वरून नळी भरली, तिथूनच वाकून पाहत पातळी शून्यावर आणली, खाली उतरली आणि शेवटचं रीडिंग समोरून घेता यावं म्हणून खुर्चीत बसली.

"थांब. हात लावू नकोस."

बाई गुडघे कुरकुरवत खाली वाकल्या आणि डोळा नळीच्या शून्यासमोर नेला. पातळी शून्यावर नव्हती. तीन घरं खाली होती.

"शून्य कुठून वाचलंस?"

"वरून."

"आणि शेवटचं रीडिंग?"

"खाली बस…" मुलीचं तोंड उघडंच राहिलं.

वरून पाहिलं की खाली गेलेली पातळीही शून्यावर दिसते. मोजणी सुरू होण्याआधीच तिची तीन घरं निघून गेलेली असत, अकराही वेळा.

"डोळा पातळीसमोर आणून वाचायचं, हे तर पहिल्याच वर्षी शिकवलं होतं," ती पुटपुटली.

"तेव्हा सिंहासन नव्हतं."

मामांनी फडकं खांद्यावर टाकलं. "म्हणजे पोरीला मीच बुडवली!"

"बुडवली कुठे? वर चढवलीत."

यावेळी ती भरून खाली उतरली आणि मग शून्य वाचलं. थेंब थेंब सोडताना मामांनी श्वास धरून ठेवला होता, जणू त्यांच्या श्वासानेच रंग बदलणार होता. रंग बदलला. साडेचोवीस. (एक रेघ. २४.४. साडेचोवीस मामांना दिसलं, मायेपोटी.)

"एक घर कमी," मुलगी म्हणाली.

"वा! आता तू आमच्यासारखी चुकायला लागलीस."

सही

पाचला सात मिनिटं होती. राहायचं की जायचं, ते मुलीने ठरवायचं होतं. बाईंनी पेन फक्त पुढे केलं.

"पण रसायनातलं माझं गणित अजून कच्चंच आहे," मुलगी म्हणाली.

"आहेच."

"आईला काय सांगू?"

"सांग, स्टुलावरून उतरले."

मुलगी नाक ओढून हसली. अर्ज तिने स्टुलावरच पसरला आणि 'रसायनशास्त्र सोडणे' यावर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला तारीख घातली, सही केली. बाईंच्या सहीचा रकाना कोराच राहिला.

"हे मोडून टाकू का आता?" मामांनी स्टुलाला पाय लावत विचारलं.

"खबरदार!" दोघी एकदम म्हणाल्या. नळी भरायला ते लागणारच होतं.