ढिगावरची मास्तरीण

त्या साली विठ्ठलरावांनी कापूस विकायचा नाही असं ठरवलं, आणि त्यामुळे त्यांच्या अर्पिताचं बीजगणित सुधारलं.

भाव पार बसले होते. राळेगाव तालुक्यातल्या त्या लहानशा गावात ज्याच्या त्याच्या घरात कापूस भरलेला. आज चढेल, उद्या चढेल म्हणून सगळे वाट पाहत होते. विठ्ठलरावांच्या मधल्या खोलीत तो आधी कमरेएवढा होता, मग छातीएवढा झाला आणि शेवटी छपराच्या टिनांना जाऊन टेकला. माणसं पडवीत आली. कापसाच्या खाजेनं ज्याला पाहावं तो मान नाहीतर पाठ खाजवत असायचा. पण अर्पिताला एक शोध लागला होता. ढिगाच्या अगदी माथ्यावर, टिनाखालच्या झरोक्याला डोकं लावून बसलं, की बाबांच्या मोबाईलला झकास रेंज मिळायची. अंगणात नाही, देवळापाशी नाही, शाळेत तर मुळीच नाही. फक्त तिथे.

"अर्पे, उतर खाली! कापूस दबून राह्यला ना!" इंदूबाई चुलीपासून ओरडायची.

"आई, वर्गसमीकरण हाय!"

"असू दे ना. त्याले बी घेऊन ये खाली."

अर्पिता दहावीत होती. दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळला गणिताचं एक शिबिर झालं, तिथे तिची तीनचार जणांशी गट्टी जमली. यवतमाळचीच केतकी, तिच्या शेजारचा साकेत, मारेगावचा ऋतिक. निघताना केतकीनं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'एक्स शोधा'. ज्याचं गणित अडेल त्यानं फोटो टाकायचा. बाकीच्यांनी उत्तर सांगायचं नाही, कुठे घोडं अडलं ते बोलून समजवायचं. उत्तर सांगून टाकलं तर दिवसभर ग्रुपवर तोंड उघडायची बंदी. ही बंदी सगळ्यात जास्त वेळा ऋतिकला झाली होती. त्याच्या पोटात उत्तर राहतच नसे.

पोळ्या झाल्या, भांडी झाली, की अर्पिता ढिगावर. वर बसून ती ऐटीत बोलायची, खाली यायची तेव्हा वेणीला, भुवयांना, स्वेटरला सगळीकडे कापूस.

एके दिवशी केतकीनं ग्रुपात एक नवा नंबर घेतला. सोबत लिहिलं, "हा नरहर. आमच्याच घरी राहतो. गणितात फार कच्चा आहे. सांभाळून घ्या."

फोटोच्या जागी एक पोपट होता. पोपटवाल्यानं लगेच पहिला प्रश्न टाकला, "समीकरणात संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेली की तिचे चिन्ह का बदलते, हे कुणी कृपा करून सांगेल का?"

ऋतिकनं हसून हसून लोळणाऱ्या तोंडांची रांगच पाठवली. "दहावीत येऊन हे इचारते? हा पोट्टा नापास होऊन होऊन इथवर आला वाटते."

अर्पिताला मात्र प्रश्न आवडला. काहून बदलते, हे तिला स्वतःला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तिनं थोडा विचार केला आणि व्हॉइस मेसेज पाठवला. "पाय नरहर, बदलत-बिदलत काई नाइ. तराजू पायला ना? दोन पारडे बरोबरीत हायेत. तुले डावीकडचे पाच काढाचे हायेत, तं उजवीकडचे बी पाच काढ. नाइतं काटा कलंडते. म्हणून तिकडे उणे पाच दिसते. संख्या कुठी चालत नाइ गेली, तूच दोन्हीकडून काढली."

मग आलं, "अहाहा!"

एवढंच. पण त्या अहाहानं अर्पिता अशी खुश झाली, की कापसात मागे पडली आणि खांद्यापर्यंत रुतली.

त्यानंतर नरहर रोज यायचा. रोज नवी चूक घेऊन. त्याचं अक्षर मात्र छापल्यासारखं, शाईच्या पेनानं लिहिलेलं, शेवटच्या ओळीखाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा. उत्तर चुकलेलं असलं तरी दोन रेघा. आणि बोलणं? "आपण काल सांगितलेले ध्यानात राहिले नाही, क्षमस्व." शहरातले पोरं असेच शिष्ट बोलत असतील, अर्पिताला वाटलं. पण शिष्टपणानं गणित सुटत नाही. हळूहळू तिची जीभ सैल झाली.

"अबे नरहर, कंसाबाहेरचा दोन एकालेच देते? दुसऱ्यानं काय पाप केलं?"

"अबे, हे डोस्कं हाय का खोकं?"

"गधा हायेस तू नरहर, पक्का गधा!"

"मान्य," असं उत्तर यायचं. खाली पोपट.

एकदा गणित होतं की दोन लागोपाठच्या सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज दोनशे चव्वेचाळीस आहे, तर त्या संख्या कोणत्या. नरहरनं सगळं बरोबर केलं, अवयव पाडले, एक्सला दहा आणि उणे बारा अशा दोन किमती काढल्या, आणि दोन्हीखाली ऐटीत दोन-दोन रेघा मारल्या.

"उणे बारा नैसर्गिक कशी होईन बे?" अर्पिता ओरडली. खाली गोठ्यातला बैल दचकला. "तिले हाकल!"

"तिच्यासाठी फार कष्ट केले होते हो," नरहरनं लिहिलं. "हाकलवत नाही."

त्यावर सगळा ग्रुप इतका हसला, की त्या दिवशी पुढे गणित झालंच नाही.

पूर्वपरीक्षा संपली आणि केतकीनं सगळ्यांना शनिवारी घरी जेवायला बोलावलं. तिची आजी गणिताची शिक्षिका होती, जेवणानंतर ती कोडी घालणार होती. विहिरीवरची मोटर जळल्यामुळे विठ्ठलरावांना यवतमाळला जायचंच होतं. त्यांनी मोटर पोत्यात बांधली, पोतं एसटीत सीटखाली ढकललं आणि शेजारी लेकीला बसवलं. वाटेत ती सारखी बोलत होती.

"बाबा, तो नरहर बी असन तिथी. त्याले पायल्याबरोबर एक टपली मारतो का नाइ पाय मी."

"परक्याच्या घरी टपल्या नको मारू बाप्पा," विठ्ठलराव म्हणाले. त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. गावोगावच्या ओसऱ्यांमध्ये पांढरे ढीग दिसत होते, आणि प्रत्येक ढीग दिसला की ते मान खाजवत.

मोटर दुकानात टाकून दोघं केतकीच्या घरी पोचले. दार उघडलं ते एका उंच, ताठ म्हाताऱ्या गृहस्थानं. इस्त्रीचा सदरा, सोनेरी काडीचा चष्मा, खिशाला शाईचं पेन. जिल्ह्याच्या कचेरीतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस असावा, हे विठ्ठलरावांनी एका नजरेत ओळखलं आणि हात जोडले.

"नमस्कार साहेब."

"नरहर हाय का घरी?" अर्पितानं त्यांच्या कोपराखालून आत डोकावत विचारलं.

"आहे की. मीच."

अर्पितानं त्यांच्या मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. पिंजऱ्यात एक पोपट मात्र होता.

"नाइ म्हणजे... पोरगा. दहावीतला. आमच्या ग्रुपातला."

"दहावी होऊन बराच काळ लोटला," ते गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी तिच्यापेक्षा खाली वाकून हात जोडले. "या मास्तरीणबाई. हेच ते खोकं."

अर्पिताचे कान तापले. जमीन दुभंगावी आणि आपण मोटरीसकट, एसटीसकट तिच्यात गडप व्हावं, असं तिला झालं. आठवणींची नुसती झुंबड उडाली. गधा. खोकं. अबे. आणि कालच पाठवलेला तो मेसेज, "तुझ्यापेक्षा आमचा बैल लवकर शिकते."

"पोरगी काई वावगं बोलली का साहेब?" विठ्ठलरावांचा चेहरा पडला.

"एकही शब्द वावगा नाही. सगळे अचूक होते." मग त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणला. "पण हळू. आमच्या हिला यातलं काही ठाऊक नाही."

तेवढ्यात केतकी धावत आली, तिच्यामागे साकेत, ऋतिक आणि केतकीचा तिसरीतला भाऊ अनिमेष. ऋतिक घोळक्याच्या मागे तोंड लपवून उभा होता. त्यालाही नुकतंच कळलं होतं.

"आबांनीच तसं लिहायला लावलं गं," केतकी हसू दाबत म्हणाली. "'राहतात' लिहिलं असतं तर तुम्ही घाबरून तोंडच उघडलं नसतं."

नरहर आबांनी सगळ्यांना पोपटाच्या पिंजऱ्याआड घेतलं आणि भराभर सांगून टाकलं. आजी, म्हणजे रजनीबाई, जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवत आल्या. आबांची मात्र मॅट्रिकला गणितात कशीबशी गाडी निघाली होती, आणि हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात उघडं पडलं. तेव्हापासून घरात आकडा निघाला की रजनीबाई त्यांच्याकडे बघून नुसत्या हसत. बोलत काही नसत. "ते हसणं फार लागतं हो," आबा म्हणाले. "आज ती कोडं घालेल. मी हात वर करणार आहे. मास्तरीणबाई, तुम्ही माझ्या समोर बसा. काही बोलू नका, फक्त समोर बसा."

जेवणं झाली. रजनीबाई ठेंगण्या, चटपटीत, डोळ्यात सदा मिश्किल चमक असलेल्या. त्यांनी दिवाणखान्यात अनिमेषचा फळा मांडला, खडू घेतला आणि जणू वर्गच भरला अशा आवाजात म्हणाल्या, "एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा चार मीटरनं जास्त आहे. क्षेत्रफळ शहाण्णव चौरस मीटर. लांबी-रुंदी किती? कोण येतंय?"

साकेतनं मनात सोडवलं, केतकीनंही. ऋतिकनं तर उत्तर बाहेर पडू नये म्हणून दोन्ही हातांनी तोंड घट्ट धरलं होतं. पण एकही हात वर गेला नाही.

मग एक गेला.

"काय हो?" रजनीबाई म्हणाल्या. "चहा हवाय?"

"खडू हवाय," आबा म्हणाले.

रजनीबाई हसल्या. तेच हसणं. आबांनी खडू घेतला, चष्मा सारखा केला आणि त्या छापील अक्षरात लिहिलं: रुंदी एक्स मानू. लांबी एक्स अधिक चार. गुणाकार केला. एक्स वर्ग अधिक चार एक्स बरोबर शहाण्णव. रजनीबाईंचं हसू तोंडावरच अडकलं. अर्पिता सतरंजीवर पुढे सरकली. आता शहाण्णव इकडे आणायचे. आबांनी लिहिलं: अधिक शहाण्णव.

अर्पितानं ओठ आवळले. मुठी आवळल्या. डोळे मिटले. काही उपयोग झाला नाही.

"अबे नरहर, काटा!"

विठ्ठलरावांच्या हातातली बशी कपासकट वाजायला लागली. अनिमेषनं आ वासला. अर्पितानं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

आबा तिच्याकडे वळले. "हो की," ते म्हणाले. "दोन्हीकडून काढायचे." अधिकचं उणे केलं, आणि मग असे सुटले की थांबेचनात. अवयव पाडले, कंस मांडले, आठ आणि उणे बारा. उणे बारावर क्षणभर हात थांबला. मग त्यांनी तिच्यावर अशी झोकात काट मारली की खडूचे दोन तुकडे झाले. "रुंदी उणे असत नाही. हाकलली! रुंदी आठ, लांबी बारा." खाली दोन रेघा.

ऋतिकनं तोंडावरचे हात काढले आणि एकदम "बारा!" म्हणून ओरडला. मग सगळेच ओरडले. पोपटही ओरडला.

रजनीबाई मात्र फळ्याकडे पाहतच राहिल्या. मग त्या हसायला लागल्या, पण हे ते हसणं नव्हतं. पोट धरून, भिंतीला टेकून, चष्मा काढून त्या हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. "अबे नरहर!" त्या म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या. "अहो, माझ्या सासूबाईंनीसुद्धा तुम्हाला कधी असं..."

"आजी, चुकलं माझं," अर्पिता रडवेली झाली होती.

रजनीबाईंनी तिला जवळ ओढलं. तिच्या वेणीतून कापसाचा पुंजका काढला. "इतकी वर्षं मला जमलं नाही ते तू कसं केलंस गं?"

"तू मला कधी गधा म्हणाली नाहीस," आबा फळ्यापाशी उभे राहून म्हणाले. खडूनं त्यांचा सदरा, मिशा, नाकाचा शेंडा सगळं पांढरं झालं होतं. "नुसतीच हसायचीस. गधा म्हटलं की माणसाला कळतं, पुढं जायला वाव आहे."

"मग आजपासून म्हणेन," रजनीबाई म्हणाल्या. "रोज."

त्या लगेच ग्रुपात आल्या, आणि आबांनी जुने मेसेज सगळ्यांसमोर वाचून दाखवले, बैलाचासुद्धा. ग्रुपवाल्यांनी आधी टाळ्या वाजवल्या आणि थोड्याच दिवसांत पस्तावले, कारण रजनीबाईंना पायरी सोडलेली चालत नसे. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी विठ्ठलराव आणि अर्पिता परतीच्या एसटीत बसले. बाबा रागावले असतील म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बसली. कळंब मागे पडलं.

"अर्पे," विठ्ठलराव अखेर म्हणाले. "तू त्या साहेबाले बैलापेक्षा..."

"हो बाबा."

"आपल्या बैलापेक्षा?"

"हो."

विठ्ठलरावांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. अर्पिताला वाटलं, बाबा रडून राह्यले. ती घाबरून वाकली, तर तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून ते हसत होते. या हंगामात तिनं त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. मग तिलाही हसू फुटलं. तिचं थांबे तो त्यांचं सुरू, त्यांचं थांबे तो तिचं. पुढच्या सीटवरची बाई काही कारण नसताना हसायला लागली, तिचं लेकरू हसायला लागलं.

"काय झालं बाप्पा?" कंडक्टरनं तिकिटांची मशीन पोटाशी धरून विचारलं. "मले बी सांगा ना."

विठ्ठलरावांनी डोळे पुसले, श्वास घेतला आणि सांगायला तोंड उघडलं. "एक नरहर नावाचा पोट्टा होता," ते म्हणाले, आणि पुढे त्यांना बोलताच आलं नाही.