सुझॅनाच्या कबरीवरचे शब्द

माझे वडील वेनब्रुकच्या चर्चचे पाद्री होते, आणि उरलेल्या वेळात ते मेलेल्या माणसांबद्दल लिहीत. राजे किंवा सेनापती नव्हेत, आमच्याच गावातली माणसं. ज्याला पुरलं त्याच्यावर अर्धं पान, फार तर एक. मेंढ्या कातरणारा रॅल्फ कातरताना मेंढीशी काय बोलायचा, विणकर एलिनॉर रागावली की गाणं का म्हणायची, असलं सगळं. लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याने ती पानं परत पाठवली आणि सोबत लिहिलं की मेंढपाळांची चरित्रं विकत घेऊन वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. बाबांनी ती चिठ्ठी आईला हसत हसत वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी पुढचं पान लिहायला घेतलं. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून स्वच्छ प्रत मी करायची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. आता सत्तरी ओलांडली. काल कोण येऊन गेलं ते सुनेला विचारावं लागतं, पण त्या वर्षीचा मे महिना मला दिवसागणिक सांगता येईल.

राजा लढाई हरला होता आणि लंडनहून जिंकलेल्या पार्लमेंटचे नवे हुकूम सुटत होते. जुनं प्रार्थनेचं पुस्तक बंद. प्रार्थना छापील कागदावरून म्हणायची नाही, आतून उमटेल ती म्हणायची. आणि माणूस पुरताना तर प्रार्थना मुळीच नको. पाद्र्याला वाटलंच तर त्याने उपदेशाचे चार शब्द बोलावेत. शिपाई आला तेव्हा बाबांनी पुस्तक निमूटपणे त्याच्या हाती दिलं. अठ्ठावीस वर्षं तेच वाचून त्यांना ते अथपासून इतिपर्यंत पाठ होतं. पुढच्याच आठवड्यात एक म्हातारा वारला. बाबा कबरीपाशी उभे राहिले, हात पाठीमागे बांधले, डोळे मिटले आणि जुनेच शब्द म्हणून मोकळे झाले. गावाने ऐकलं, ओळखलं, आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

ओळखलं नाही ते एकट्या जेबेझ थर्लोने. ओढ्याकाठी त्याचा कातडी कमावायचा कारखाना होता. त्याचे आईबाप धर्मापायी देश सोडून हॉलंडात गेले तेव्हा तो दोन वर्षांचा होता. लायडनमध्ये वाढला, तिथेच लग्न केलं, तिथेच बायको गेली. त्या मे महिन्याच्या दोन वर्षं आधी मुलीला घेऊन परत आला, पण जुनं पुस्तक होतं तोवर आमच्या चर्चची पायरी चढला नाही, आणि तिकडे त्याने ते कधी कानांनी ऐकलेलं नव्हतं. तो कुणापुढे टोपी काढायचा नाही, कुणाला साहेब म्हणायचा नाही. बाबांना नुसतं लॅथबरी म्हणायचा. आईला ते फार लागे. पण खोटं बोललेलं त्याला कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्याच्याकडचं कातडं कधी चिरत नसे.

म्हणूनच जिल्ह्याच्या समितीने प्रश्नांचा कागद त्याच्याकडे पाठवला. वेनब्रुकचा पाद्री दारू पितो काय, पत्ते खेळतो काय, जुनं पुस्तक वापरतो काय. जूनअखेर उत्तर हवं होतं. थर्लोने स्वतः येऊन हे बाबांना सांगितलं. पाठीमागे चौकशी करणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या प्रश्नाला 'हो' असं उत्तर गेलं की चर्चही जाणार आणि घरही. शेजारच्या गावचा पाद्री चार लेकरांसह रस्त्यावर आला होता, ते आम्ही त्याच हिवाळ्यात पाहिलं होतं.

मे महिन्यात थर्लोची मुलगी सुझॅना तापाने गेली. एकोणीस वर्षांची होती. बापासारखी उंच, पण हसरी. मला डच भाषेतल्या शिव्या तिनेच शिकवल्या.

पुरायच्या आदल्या दिवशी थर्लो दारात आला. घंटा नको, फुलं नकोत, कबरीत टाकायच्या रोझमेरीच्या डहाळ्या नकोत, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाला की तुम्हाला आतून काही आलं तर बोला, नाही आलं तर गप्प राहा.

बाबा बोलले. नेहमीसारखेच, डोळे मिटून. सगळा गाव जमला होता आणि बायकांचे ओठ त्यांच्या ओठांबरोबर हलत होते. मी थर्लोकडे पाहत होते. आधी तो दगडासारखा उभा होता. मग त्याची हनुवटी हलायला लागली. त्या शब्दांमध्ये एक जागा अशी आहे की पाद्री थांबतो आणि लोक उत्तर देतात. बाबा श्वास घ्यायला तिथेच थांबले, आणि टोबायस पेक, आमचा कबरी खणणारा, चाळीस वर्षांच्या सवयीने पुढचं वाक्य खणखणीत आवाजात बोलून गेला. बोलल्यावर त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. थर्लोने वळून त्याच्याकडे पाहिलं. 

"यालाही आतून आलं," थर्लो हळूच म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

पेकला आजवर आतून जे काही आलं होतं ते दारूचंच. घरी जाताना त्याच्या बायकोने, एव्हिसने, त्याला फाटकापर्यंत झोडपलं. "इतकी वर्षं एकेकाला खड्ड्यात घातलंस, आज पाद्रीबुवांना उभ्याने घालणार होतास," असं ती म्हणत होती. बाबा दमलेले दिसत होते. लोक हसू दाबत होते, पण बाबांना हसू आलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी थर्लो पुन्हा आला. बाबा सुझॅनावरचं पान लिहीत बसले होते आणि मी लेखण्या तासत होते. तो बसला नाही. म्हणाला की त्या दिवशीचे शब्द तो रात्रंदिवस आठवायचा प्रयत्न करतोय. पहिल्या दिवशी निम्मे आठवत होते, आज दोनच ओळी उरल्यात.

"कागदावरची प्रार्थना मेलेली असते, हे मीच सगळ्यांना सांगत आलोय," तो म्हणाला. "माझं मलाच कळत नाही. पण लॅथबरी, ते मला लिहून द्या."

मी बाबांकडे पाहिलं नाही. ते शब्द कागदावर उतरले, थर्लोच्या खिशात बसून जिल्ह्याच्या गावी गेले, की तिथला कुठलाही कारकून पहिल्या ओळीला ओळखणार होता. मी उठून सुझॅनाचं अर्धं झालेलं पान पुढे केलं. म्हटलं, थर्लोकाका, आतून आलेलं पुन्हा तसंच कसं यायचं, त्यापेक्षा हे न्या, यात तीच आहे. मला वाटलं, किती शहाणपणाने निभावलं मी.

बाबांनी ते पान माझ्या हातून घेऊन बाजूला ठेवलं.

"त्यांनी हे मागितलं नाही, डॅमरिस," ते म्हणाले. मग कोरा कागद ओढला आणि लिहायला लागले. नजर अधू, अक्षर वाकडं, पण कुठे अडखळले नाहीत. दोन्ही बाजू भरल्या. शाई सुकायला वाळू टाकली, झटकली आणि कागद थर्लोला दिला.

"हे माझे नाहीत," बाबा म्हणाले. "जुन्या पुस्तकातले आहेत. पेकला आतून काही आलं नव्हतं, त्याला पाठ होतं. सगळ्या गावाला पाठ आहे."

थर्लो कागदाकडे बघत उभा राहिला. त्याला वाचता चांगलं येत होतं. तो वाचत नव्हता.

"मला का सांगितलंत?"

"तुमच्या मुलीवर म्हटलेले शब्द आहेत. कुणाचे ते तुम्हाला ठाऊक असायला हवं."

"मला जूनमध्ये विचारतील. मी खोटं सांगणार नाही."

"सांगू नका," बाबा म्हणाले.

तो कागदाची घडी करून, ती आतल्या खिशात ठेवून निघून गेला. आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. त्या दिवशी तिने इतकं पीठ मळलं की पाव आठवडाभर पुरले.

थर्लोने खोटं सांगितलं नाही. तीन ओळींचं उत्तर होतं. दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, जुनं पुस्तक वापरतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हुकूम आला: दहा दिवसांत घर मोकळं करा.

नवव्या दिवशी सकाळी थर्लोची गाडी दारात उभी राहिली, कातडी कमावायला लागणारी ओकची साल वाहायची, दोन बैलांची. त्याने आईला सांगितलं की सालीच्या कोठारावर दोन खोल्या आहेत, कोरड्या आहेत, वास येतो पण सवय होते. आईने त्याला पायरीवरच अडवलं. म्हणाली, ज्या हाताने घराबाहेर काढलंत त्याच हाताने सामान उचलणार का? तो म्हणाला, "माझे हात दोनच आहेत, बाई." मग त्याने बाबांच्या पानांची पेटी खांद्यावर घेतली आणि ती खाली ठेवण्याआधी गाडीत गवत नीट पसरलं. आई रडली, पण गाडीत चढली.

पुढच्या रविवारी नवा पाद्री आला. तरुण होता, आवाज मोठा, आणि व्यासपीठावरच्या घड्याळातली तासाभराची वाळू संपली की तो ते उलटं करून उपदेश पुढे चालू ठेवायचा. बाबा अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच खालच्या बाकावर बसले होते. थर्लो येऊन त्यांच्याशेजारी बसला. त्या बाकावर बसायला दुसरं कुणी धजलं नव्हतं. दुसऱ्या तासाला बाबांची मान छातीवर पडली आणि ते हलके हलके घोरू लागले. नव्या पाद्र्याने बोलायचं थांबून तिकडे बघितलं.

थर्लोने बाबांना उठवलं नाही. त्याने आपला खांदा थोडा खाली केला, बाबांचं डोकं त्यावर टेकलं, आणि पुढे बोला अशा अर्थाने त्याने व्यासपीठाकडे बघून मान हलवली.