टोस्टरची कडी

संपदानं गॅसवरच्या टोस्टरची कडी लावली, कट् आवाज झाला आणि आतल्या खोलीत तिच्या सासऱ्यांनी इन्सुलिन टोचून घेतलं. एरवी यात काहीच चुकलं नसतं. नियम तिनंच बसवून दिला होता. कडी वाजली की बाबांनी इंजेक्शन घ्यायचं आणि सँडविच खरपूस होईस्तोवर टेबलाशी येऊन बसायचं. ढुंढिराज गुरुजींचा विसरभोळेपणा अख्ख्या पंचवटीला ठाऊक, पण कान मात्र अजून तिखट होते.

आजचं सँडविच त्यांचं नव्हतंच. रात्रपाळी करून येणाऱ्या धवलसाठी, आपल्या नवऱ्यासाठी, ती ते करत होती. ढुंढिराजांना रामकुंडावर श्राद्ध सांगायला जायचं होतं, आणि श्राद्धाच्या दिवशी यजमान जेवेपर्यंत गुरुजींच्या तोंडात साखरेचा कणही जायचा नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता. म्हणूनच अशा दिवशी सकाळचं इंजेक्शन बंद. पण सवयीला उपास कुठे कळतो?

ते दारात आले. "संपदा, घोटाळा झाला गं. टोचून घेतलं."

गेल्या दिवाळीत त्यांनी असंच टोचून घेऊन जेवायला उशीर केला होता, तर जिन्यात कोसळले होते. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर मी जबाबदार नाही. तिनं झटकन टोस्टर उघडला. बटाटा, काकडी, टोमॅटो, पनीर, हिरवी चटणी, वरून भरपूर लोणी; ताटली भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"बाबा, खा. आधी ही चमचाभर साखर."

"खुळी आहेस का? येवल्याहून ती माणसं पहाटेच्या एसटीनं उपाशी निघालीत. तरण्या पोराचं वर्षश्राद्ध आहे. आणि मी इथे लोणी चापू?"

"तुम्ही पडलात तर श्राद्ध सांगणार कोण?"

"काही होत नाही. स्कूटरची किल्ली दे."

किल्ली तिनं मुठीत दाबली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. सासूबाई घरी असत्या तर त्यांच्या एका नजरेनं काम झालं असतं, पण त्या नेमक्या वणीला बहिणीकडे. धवल फोन उचलत नव्हता. या हुज्जतीत वीस-पंचवीस मिनिटं गेली. ढुंढिराजांच्या कपाळावर घाम डवरला. बोटं थरथरू लागली. मग ते चिडले. सून म्हणजे सून, तिला काय कळणार घराण्याची रीत, असं नको ते बोलले. संपदाला ते लागलं. पण हा राग माणसाचा नाही, उतरत्या साखरेचा आहे, हे तिला ठाऊक होतं, आणि तिला जास्त भीती त्याचीच वाटत होती. तिनं चमचा ओठांशी नेला. त्यांनी दात आवळले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तिनं तो उचलून मोठ्या आवाजावर टाकला.

"गुरुजी, म्या कुसाबाई. आमी कुंडावर आलो बगा."

"ताई, मी त्यांची सून." संपदा घाईघाईनं म्हणाली. "गुरुजींनी चुकून साखरेचं इंजेक्शन घेतलंय. आता खाल्लं नाही तर जिवावर बेतेल. पण तुम्ही उपाशी म्हणून ते तोंड उघडत नाहीत."

"घरातलं यजमानांना सांगतेस?" ढुंढिराज ओरडायला गेले, पण जीभ जड पडली.

घाटावरच्या गलक्यातून पलीकडचा आवाज चढला.

"गुरुजी," कुसाबाई म्हणाली, "आमचा झुंबर न्याहारी केल्याबिगर कदी वावरात गेला नाय. त्या दिशी म्याच रागं भरले, भाकर दिली नाय. तसाच गेला, अन् इजेच्या मोटारीला चिकटला. आता त्याच्या नावानं आनखी कोनाला उपाशी नका ठिऊ. खा तुमी. माजी आन हाय."

ढुंढिराजांचं तोंड आपोआप उघडलं. संपदानं साखर आत सोडली. ती विरघळू दिली. मग सँडविचचा कोपरा मोडून दिला. त्यांनी चावला, गिळला, आणि चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावरच्या चटणीत मिसळलं. ते पुसायचीही शुद्ध त्यांना नव्हती. फोन चालूच होता.

"खाल्लं का, पोरी?"

"खातायत, ताई."

"सावकाश येऊ द्या. आमी बसतो."

थोड्या वेळानं घाम आटला, बोटं थांबली. ताटली रिकामी झाली. ढुंढिराज खाली मान घालून म्हणाले, "मघाशी बोललो ते मनावर घेऊ नकोस."

"नाही घेतलं."

"आणखी दोन सँडविच कर. चांगली भरून. काम उरकलं की आधी त्या माउलीला खायला घालतो. वर्षभर तिच्या घशाखाली न्याहारी उतरली नसेल. आणि धवल येऊ दे, तोच नेईल मला."

संपदानं ब्रेडवर लोणी फासलं, बटाट्याचे काप जरा जाडच ठेवले. टोस्टर मिटला, आणि कडीला हात घालण्याआधी आतल्या खोलीत जाऊन इंजेक्शनची डबी उचलून आणली, कमरेला खोचली. मगच कडी लावली.