छोटी कडी

“शुक्रवारी दुपारी जुन्या शहरात पाऊल टाकू नकोस. कुत्रंसुद्धा भेटायचं नाही तुला,” हस्ना म्हणाली होती. हस्ना ही गिजलानची नणंद. अख्खा जन्म मोरोक्कोतल्या या फेज शहरात गेलेला, त्यामुळे शहराबद्दल तिने काही सांगितलं की तो निकालच असायचा. गिजलानने ते कानाआड केलं. गर्दी नसली म्हणजे पोरीला धक्के लागणार नाहीत, एवढाच तिने विचार केला.

कॉलेजात याच शहरातल्या मदरशांवर तिने पानंच्या पानं लिहिली होती. मग लग्न होऊन फेजलाच आली ती नव्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, घरी पाहुण्यासारखा यायचा. जुनं शहर गच्चीवरून दिसेल तेवढंच. आता बिऱ्हाड दूर समुद्रकाठच्या अगादीरला हलणार होतं, पेट्यासुद्धा बांधून झाल्या होत्या. इतकी वर्षं राहून आपण इथलं काहीच पाहिलं नाही, हे तिच्या जिवाला लागलं. म्हणून तान्ह्या रीमला पाठीशी बांधून ती निघाली. वाटाड्या नको, कुणाची सोबत नको. परदेशी पाहुण्यांसाठी भिंतींवर वाट दाखवणाऱ्या निळ्या पाट्या लावल्यात, त्या वाचत जायचं.

उतारावर एक चपलांवाला दुकानाची फळी ओढत होता. त्याने फ्रेंचमध्ये हाक मारली, “मादाम, या, नुसतं बघायला पैसे नाहीत!”

“नको, काका.”

“अरेच्चा, ही तर आपल्यातलीच!” तो हसला. “मग पाट्या कसल्या वाचतेस गोऱ्या बायकांसारख्या? हरवलीस की काय?”

“फिरायला आलेय.”

“एकटी? आणि शुक्रवारी?” त्याने कुलूप घातलं. “घरी जा बाई, कुसकुस गार होईल.”

शुक्रवारी घरोघर होणारा तो वाफवलेल्या रव्याचा कुसकुस तिच्या घरी होतच नसे. एकटीसाठी कोण चूल मांडणार? ती हसल्यासारखं करून पुढे गेली.

मदरशाला कुलूप होतं. बंद दाराशी उभं राहून तिने वरचं देवदाराचं नक्षीकाम डोळे भरून पाहिलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. “रीम, यावर मी उत्तर लिहिलं होतं बरं का,” ती मागे मान वळवून म्हणाली. रीम हूं की चूं करेना.

वाळवंटाकडून आलेला गरम वारा गल्ल्यांतून फिरत होता. गिजलानने फडकं ओढून पोर पुढे घेतली. तोंड लाल, ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. छातीशी धरली तर पिईना. बाटलीतलं पाणी मघाशीच संपलेलं. दुकानं बंद, माणसं नमाजाला नाहीतर आपापल्या घरात जेवायला बसलेली. ती आल्या वाटेने धावत सुटली आणि कुठेतरी चुकली. निळ्या पाट्या संपल्या. पुढे गल्लीच संपली. भिंतीतल्या नळाखालचा हौद कोरडा ठणठणीत होता. समोर एक जाड लाकडी दार होतं, त्याला दोन कड्या. हाताला आली ती छोटी कडी तिने धडाधड वाजवली.

वरून कुठूनतरी आवाज आला, “आले! आले रे तौफिक, थांब, जाऊ नकोस!”

जिन्यावर सपाता वाजल्या. भलत्याच घाईने. मध्येच काहीतरी भिंतीवर आपटलं. कोण आहे असंही न विचारता अडसर निघाला.

दारात एक म्हातारी होती. नुकताच बांधलेला रुमाल, हात वाफेने ओले. तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते गिजलानच्या डोळ्यांदेखत मावळलं. मग तिची नजर पोरीवर गेली.

“आत आण तिला! पोर आहे का पाव, एवढं भाजलंस ते? सोड, कपडे सोड आधी.”

चौकातल्या सावलीत म्हातारीने रीमच्या अंगावरून ओलं फडकं फिरवलं, चमच्याने थेंब थेंब पाणी पाजलं. तामो तिचं नाव, मानाने लल्ला तामो. शेवटी रीमने तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. तेव्हा गिजलानलाही रडू फुटलं.

“रडा, दोघीही रडा,” तामो म्हणाली. “जरा आवाज येऊ दे या घराला.”

मग तिने मधोमध परात आणून ठेवली. कुसकुसचा डोंगर, वर भोपळा, गाजर, चणे.

“मावशी, पाहुणे यायचेत का?”

“माझा तौफिक. परदेशात असतो.”

“आज येणार होता?”

“शुक्रवारी येतात ना मुलं घरी. कुठल्या शुक्रवारी ते सांगत नाहीत.” तिने पोरीच्या जिभेवर भोपळ्याचा कण ठेवला. “मूठभर कुसकुसला वाफ धरत नाही, म्हणून परातभर करते. उरेल तो मशिदीच्या पायरीवर जातो. तू जेव.”

जेवताना गिजलानला तिचं कोपर दिसलं. सालटं निघून रक्त आलं होतं.

“मावशी, लागलंय तुम्हाला!”

तामोने बाही खाली ओढली. “जिन्याला कठडा नाही. त्यात तू वाजवलीस छोटी कडी. ती घरच्यांची असते गं. परक्याने मोठी वाजवायची. आईने शिकवलं नाही?”

“आमच्याकडे बेल आहे.”

“बेल!” म्हातारी खळखळून हसली. “म्हणजे चोर आला काय आणि मुलगा आला काय, एकच?”

उन्हं कलल्यावर गिजलान निघाली. दारात थांबून तिने विचारलं, “पुन्हा आले तर कुठली वाजवू?”

तिला जे ऐकायचं होतं ते तिच्या आवाजातच होतं. तामोने रीमचा गाल चिमटीत धरला.

“मोठी,” ती म्हणाली. “छोटी वाजली की मला पायऱ्या दिसत नाहीत.”

अगादीरहून गिजलानने हस्नाला किती वेळा विनवलं, म्हातारीला एकदा बघून ये म्हणून. “पाट्या संपतात तिथली गल्ली? अगं, अशा शंभर आहेत,” हस्ना म्हणते. गल्लीचं नाव गिजलानने पाहिलंच नव्हतं.

तेव्हा तुम्ही कधी फेजला गेलात, तर एवढं करा. गिजलानला अंधुक आठवतं त्यावरून, मदरशापाशी निळी पाटी डावीकडे जा म्हणते, तिथे उजवीकडे वळा. गल्ली संपते तिथे, कोरड्या हौदासमोर, ते दार आहे. मोठी कडी वाजवा, एकदाच, आणि थांबा. जिन्यावरून सावकाश उतरणारी पावलं ऐकू आली, तर आम्हाला कळवा.