गोलकीपर रविराजचं सांगणं

पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरून पोटापाण्यासाठी फुटबॉल खेळायला गेलेला पहिला माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ रविराज. दुसरा अजून कोणी गेलेला नाही.

आमचे आईवडील, कुसाबाई आणि पुंजा, भाताची कापणी उरकली की दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर कामाला जायचे. आम्ही दोघं आश्रमशाळेत. तिथे गोरक्ष सर खेळाचे शिक्षक म्हणून आले आणि येताना फुटबॉल घेऊन आले. मैदान मुरमाचं, त्यामुळे गोलकीपर व्हायला कोणी तयार नसायचं. दादाने झेप घेतली, कोपर सोलून निघालं, आणि तो चेंडू पोटाशी धरून हसत उठला. सरांनी त्याला पुढे नाशिकला आणलं, जिल्ह्याच्या संघात उभं केलं. शहाण्णव साली मुंबईच्या एका क्लबाने त्याच्याशी करार केला आणि चार वर्षांनी गोव्याच्या मोठ्या क्लबाने नेलं. त्याचे सामने टीव्हीवर दिसू लागले. मी तोवर नर्सिंग करून नाशिकला नोकरीला लागले होते, मखमलाबाद रोडला दोन खोल्या घेऊन राहत होते. एकदा बाबा माझ्याकडे आले असताना सामना लागला. बाबा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, येवढी माणसं याला बघाया येतात?

दादाच्या लग्नाचा विषय घरात दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी तो पुढे ढकलायचा. यंदा मोसम आहे, यंदा गुडघा दुखतोय. शेवटी दोन हजार चारच्या दिवाळीनंतर बाबांनी परस्पर बोलणी केली. मुलगी सुरगाण्याकडची, योगिनी नावाची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिच्या घरून होकार होता. दादा सुट्टीवर आला तेव्हा माझ्या खोलीवर भेट ठरली. ते दोघं गच्चीवर बोलायला गेले आणि मी खाली पोहे करत राहिले.

योगिनी एकटीच खाली आली. तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि म्हणाली, "ताई, हे लग्न होणार नाही. कारण ते सांगतील. पण माझ्याशी इतकं खरं आजवर कोणी बोललेलं नाही."

मग दादा आला. पोह्यांची ताटली मांडीवर घेऊन त्याने मला सांगितलं की त्याला बायकांची ओढ कधीच नव्हती, पुरुषांची होती. आश्रमशाळेत असल्यापासून त्याला ते माहीत होतं. गोव्यात एक जण होता, तो घरच्यांच्या दबावाने लग्न करून आखातात निघून गेला. दादा हे सगळं सावकाश, सामन्यानंतर गोल कसा झाला ते सांगावं तसं सांगत होता. मी नर्स. माणसाच्या अंगाबद्दल, मनाबद्दल मला बरंच कळतं असं मी समजत होते. पण त्या दिवशी मला एकच प्रश्न सुचला. योगिनीला का सांगितलंस, नुसतं नाही म्हणून भागलं नसतं का?

तो म्हणाला, नुसतं नाही म्हटलं असतं तर लोकांनी तिच्यात खोट काढली असती. त्याने तिला सांगून ठेवलं होतं की कोणी नावं ठेवली तर खरं ते सांग, माझ्यासाठी बोलणी खाऊ नकोस.

झालं तसंच. महिन्याभरात तिच्या मामाने तिला धारेवर धरलं, तुझ्यातच काहीतरी कमी दिसलं असेल म्हणाला, आणि तिने आपल्या आईला खरं सांगितलं. सुरगाण्याहून ते पेठला आलं, पेठहून नाशिकला. आमच्या पाड्यापर्यंत तेवढं पोचलं नव्हतं. जानेवारीत दादाच्या क्लबाचा नाशिकच्या संघाशी एक मैत्रीपूर्ण सामना ठरला होता, त्याआधी दादाचा सत्कार आणि पत्रकार परिषद. तोवर शहरातल्या खेळाच्या वर्तुळात कुजबुज पसरली होती. दोन वार्ताहरांनी क्लबाला फोन करून विचारलंसुद्धा.

परिषदेच्या तीन-चार दिवस आधी क्लबाचा मॅनेजर आणि गोरक्ष सर माझ्या खोलीवर आले. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. त्याचं म्हणणं, एक वाक्य बोलायचं. या अफवा आहेत, लग्न ठरतंय. कोणाचंही नाव घ्यायची गरज नाही. आठवड्यात लोक विसरतील.

गोरक्ष सर वेगळं बोलले. ते म्हणाले, "रवी, तू जो आहेस तो आहेस. मला काही अडचण नाही. पण थांब. कीपर पस्तिशीपर्यंत खेळतो. खेळ संपला की सांग. आज सांगितलंस तर स्टँडमधून काय काय ऐकावं लागेल ते मला माहीत आहे. आणि कायदाही आपल्या बाजूने नाही. हा अजून गुन्हा आहे, बाबा."

दादा खाली सतरंजीवर बसला होता. त्याने सरांना उलट विचारलं, "सर, गोलमध्ये उभा असतो तेव्हा मी काय करतो?"

"ओरडतोस," सर म्हणाले. "सगळ्यांना जागा सांगतोस."

"आणि ड्रेसिंग रूममध्ये आलो की गप्प. कोणाची बायको, कोणाची मैत्रीण असा विषय निघाला की मी बुटाच्या नाड्या सोडत बसतो. नाड्या सुटलेल्या असतात तरी सोडत बसतो. आठ-नऊ वर्षं झाली."

सर म्हणाले की घरातल्या गोष्टी कोण कोणाला विचारतो, खेळाडूने खेळावं.

"विचारता की," दादा म्हणाला. "प्रत्येक सत्काराला विचारता. लग्न कधी म्हणून." मग तो म्हणाला, "प्रत्येकाने सांगावं असं माझं म्हणणं नाही. ज्याला घरातून हाकलतील, मारतील, त्याने कशाला सांगावं? मीही गप्पच होतो. पण आता तुम्ही मला गप्प बसायला सांगत नाही आहात. खोटं बोलायला सांगताय. ते मला जमणार नाही."

मॅनेजर उठून गॅलरीत गेला. सर बराच वेळ दादाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होतीच, पण आणखीही काही होतं. आपणच शिकवलेल्या पोराने आपण न शिकवलेलं काही केलं की मास्तर जसा बघतो, तसं ते बघत होते.

दादाची एकच अट होती. आईबाबांना हे पेपरातून कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही पेठला गेलो आणि तिथून जीपने पाड्यावर. बाबा अंगणात बांबू फोडत होते. आई चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापत होती. दादाने तिला बाहेर बोलावलं, दोघांसमोर उकिडवा बसला आणि आमच्या बोलीत म्हणाला, "आई, बाबा, मला बाईची ओढ नाय. बाप्याची हाय. पहिल्यापासून तसंच हाय. म्हणून लगीन करत नाय. परवा नाशिकला मी हे समद्यांपुढं सांगणार हाय. तुमाला आधी सांगाया आलो."

बाबांच्या हातातला कोयता तसाच राहिला. आईने हाताचं पीठ झाडलं आणि विचारलं, तुला काय दुखतं का? दादा म्हणाला, दुखत काय नाय. ती म्हणाली, मग जेव. आणि आत गेली.

बाबा जेवायला आले नाहीत. ते शेताच्या बांधावर जाऊन बसले ते दिवस मावळल्यावर परतले आणि दादाशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी आम्ही निघालो तेव्हाही ते बाहेर आले नाहीत. जीप सुटायच्या बेतात होती तेवढ्यात आई धुवट लुगडं नेसून आली आणि मागच्या सीटवर चढून बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. कुठे निघालीस असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पत्रकार परिषदेला एका हॉटेलच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. मी आणि आई शेवटच्या रांगेत. हार-नारळ झाले, मोसमाबद्दल, गुडघ्याबद्दल प्रश्न झाले. मग एका वार्ताहराने चाचरत विचारलं की तुमच्याबद्दल काही चर्चा ऐकू येते, त्यात तथ्य आहे का.

दादाने माइक जवळ ओढला. "खरं आहे," तो म्हणाला. "मी समलिंगी आहे. लिहा. आणि गेल्या मोसमात माझ्यावर सगळ्यात कमी गोल झाले, तेही लिहा."

रुग्णालयात मी माणसं मरताना पाहिली आहेत, जन्मताना पाहिली आहेत. आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी घडतंय आणि आपल्याला फक्त बघता येतंय, तसं मला तेव्हा वाटलं. हा माझा भाऊ, ज्याच्याबरोबर मी करवंदं तोडली, चिखलात भात लावला. याच्यात हे बळ कुठून आलं, कधी आलं? आईला माइकवरचं शहरी बोलणं सगळं कळलं नसावं. पण ती मान वर करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं आणि सामन्याला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी झाली. मॅनेजरला दादाला बाहेर बसवायचं होतं. संघातल्या काही जणांनी आदल्या दिवशीच खोल्या बदलून घेतल्या होत्या, हेही खरं. पण कप्तानाने सांगितलं की कीपर हाच खेळेल, नाहीतर दुसरा कप्तान शोधा.

दादा गोलकडे चालत गेला तेव्हा शिट्ट्या सुरू झाल्या. मग घोषणा, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. आणि मग गोलमागच्या बाजूने बांगड्या येऊ लागल्या. काचेच्या, मूठमूठभर. दादाने पंचांना हात केला, खेळ थांबवला, वाकला आणि गोलपुढच्या गवतातले तुकडे वेचू लागला. घाई नाही, राग नाही. कोणाच्या तळहातात, गुडघ्यात काच जाऊ नये म्हणून तो हातमोज्यांनी गवत चाचपून बघत होता, नाशिकच्या संघाचे फॉरवर्डही तिथेच पडणार होते ना. ओंजळभर काच त्याने खांबाच्या मागे नेऊन ठेवली आणि पुन्हा जागेवर उभा राहिला. शिट्ट्या थोड्या कमी झाल्या. पण पाच-सात मिनिटांत पुन्हा बांगड्या आल्या.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असल्याचं मला तेव्हा कळलं. पाहिलं तर आई मैदानाच्या कडेने चालली होती. अनवाणी, पदर खोचलेला. एका पोलिसाने तिला अडवलं, ती त्याला काहीतरी बोलली, आणि तो बाजूला झाला. ती थेट गोलच्या मागे गेली, जाळ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर मांडी घालून बसली. पाठ गर्दीकडे, तोंड मुलाकडे.

मी धावत तिच्याकडे गेले. दादाने वळून तिला पाहिलं. मी पोचले तेव्हा तो म्हणत होता, "आई, उठ. बॉल लागंल."

"तू अडव मंग," आई म्हणाली.

तो हसला. त्या सगळ्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

मीही तिच्या शेजारी बसले. मागून बांगड्या येणं थांबलं. म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर काच फेकायला कोणाचा हात उठला नसेल, किंवा कंटाळले असतील. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. उत्तरार्धात बाजू बदलली तेव्हा आई उठली आणि पूर्ण मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागे जाऊन बसली. नाशिकने एक गोल केला, दादाच्या क्लबाने दोन. नाशिकचा गोल झाला तेव्हा चेंडू जाळ्यात येऊन आईच्या तोंडापुढे थरथरला. ती जराही हलली नाही. सामना संपल्यावर नाशिकच्या संघातल्या बहुतेकांनी दादाशी हात मिळवला. काहींनी नाही मिळवला. गोरक्ष सर मैदानात आले आणि आईच्या पाया पडले. सर तिच्याहून थोडेच लहान असतील.

पुढे जे झालं ते सगळंच काही चांगलं झालं नाही. उन्हाळ्यात क्लबाने करार वाढवला नाही, गुडघ्याचं कारण दिलं. दादा चार-पाच महिने घरी बसून होता. मग मुंबईचा एक छोटा क्लब, सगळं माहीत असून, त्याला घेऊन गेला आणि तिथे तो तीन मोसम खेळला. त्या काळात त्याला फोन यायचे. केरळमधून, पंजाबातून, एकदा कोलकात्याहून. खेळणारी माणसं. काही तर टीव्हीवर दिसणारी. दादाने मला कोणाचं नाव कधी सांगितलं नाही. मी विचारलं की तू त्यांना काय सांगतोस, उघड बोला म्हणतोस का? तो म्हणाला, नाही, आधी विचारतो घरी कोण कोण आहे.

योगिनीचं लग्न पुढच्या वर्षी एका शिक्षकाशी झालं. दादाला आमंत्रण होतं. तो गेला आणि पंगतीत वाढायला उभा राहिला.

बाबा मात्र सव्वा वर्ष त्याच्याशी बोलले नाहीत. मग एप्रिलमध्ये एक दिवस ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, मुंबईला कसं जायचं? मी रजा काढून त्यांना घेऊन गेले. दादा तेव्हा जयराम नावाच्या माणसाबरोबर राहत होता. जयराम शाळेत चित्रकला शिकवायचा, बुटका, बडबड्या. बाबा आले म्हटल्यावर तोही गप्प झाला. चौघं जेवायला बसलो. बाबा पावसाबद्दल बोलले, भाताच्या बियाण्याबद्दल बोलले. दुसऱ्या कशाबद्दल नाही. निघताना त्यांनी पायात चपला घातल्या आणि दादाकडे न बघता म्हणाले, "पावसाच्या आधी घर शाकारायचं हाय. मला एकट्याला होत नाय आता. दोघं या."

मे महिन्यात ते दोघं गेले. मीही गेले होते. दादा छपरावर, जयराम शिडीवर, बाबा खाली उभे राहून एकेक कौल हातात देत होते. जयरामने दोन कौलं फोडली, तर बाबा त्याच्यावर असे खेकसले की आई बाहेर येऊन बघून गेली.